अकरा एक

सर, तुमची वही माझ्याकडे आली आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर उंदरांनी कुरतडलेली, आत तुमच्या त्या तिरप्या अक्षरातले आकडे. आत काय आहे ते तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मला कळायला अठ्ठावीस वर्षं लागली. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी घरामागच्या नळाशी उभी राहून रडले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रडणाऱ्या बाईनं लिहिलेलं नाही. वही वाचल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे आणि राग कोणावर काढावा हे कळत नाही. नवरा म्हणतो, मेलेल्या माणसावर कसला राग. मी त्याला म्हटलं, जिवंतपणी करायचा राहून गेला म्हणून आता.

मी आता कंडक्टर आहे, सर. हे तुम्हाला कळलं नसेल, कारण मला नोकरी लागली ती तुम्ही गेल्यावर. आदिलाबादहून बेल्लमपल्लीला सकाळी जी गाडी सुटते, तिच्यावर माझी ड्युटी असते. दोन महिन्यांपूर्वी त्याच गाडीत काकू चढल्या. हातात एक पिशवी, सोबत कोणी नाही. मी टिकेट फाडायला गेले तर त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या.

"तू त्या मळेवाल्याची पोरगी ना गं? आईतवारी वांगे घेऊन यायची आमच्याकडं, अन् सरांपाशी गणित करत बसायची?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. गाडी अर्धी रिकामीच होती. तुमचं गावातलं घर त्यांनी सोडलं आहे, आता त्या मुलाकडे राहतात, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये. घर आवरताना तुमची पुस्तकं एका शाळेला दिली, बाकीची रद्दी गेली. ही एक वही तुम्ही ट्रंकेत धोतराच्या पानात गुंडाळून ठेवली होती, म्हणून त्यांनी टाकली नाही. "पण मी काय करू तिचं? मले तर त्यातलं अक्षर कळत नाही. पोरगा म्हणे, फेकून दे आई. तुले गणित आवडायचं ना? घे." असं म्हणून त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. इतकं साधं झालं ते. तुम्ही माझ्यासाठी ठेवली होती असं मला वाटायला नको, म्हणून हेही लिहिते. ती माझ्याकडे आली कारण काकू चुकून माझ्या गाडीत चढल्या.

आता त्या वर्षाचं बोलू. मी दहावीत. मराठी मीडियमचा आमचा वर्ग, सत्तावीस पोरं, आणि गणिताचे एकटे तुम्ही. बाकीचे मास्तर पुस्तक उघडायचे. तुम्ही खडू उचलायचात आणि बोलायला लागायचात. एके दिवशी, धडा संपला होता आणि घंटेला वेळ होता, तर तुम्ही फळ्यावर नुसते एक लिहायला सुरुवात केली. दोन एक, म्हणजे अकरा. त्याला कशानंच भाग जात नाही. तीन एक, एकशे अकरा, तीन गुणिले सदतीस. चार एक, अकरा गुणिले एकशे एक. पाच एक, एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सहा एकांचे तर तुम्ही पाच तुकडे केलेत. सात एकांपाशी थांबून तुम्ही आम्हाला विचारलंत, तुटेल का? सगळे म्हणाले, नाही तुटणार. तेव्हा तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात आणि लिहिलंत, दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मी तिथल्या तिथे वहीत गुणाकार करून पाहिला. सात एक. ओळीनं उभे. माझ्या अंगावर काटा आला होता, सर. माझ्या घरी वांगी, मेथी, सांबाराच्या जुड्या, पाण्याची पाळी याखेरीज बोलणं नव्हतं, आणि इथे एक माणूस नुसत्या एकांना फोडून आत काय आहे ते दाखवत होता.

मग तुम्ही अकरा एक लिहिलेत. अकराशे अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हणालात, "ही संख्या मूळ आहे. हिला कोणी तोडू शकत नाही. मी पाच हजारांपर्यंत भागून पाहिलंय." मी हात वर करून विचारलं, "कुठवर भागावं लागते सर?" तुम्ही म्हणालात, एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत, कारण त्याच्या पुढे वर्ग मोठा होतो. मी म्हटलं, "मग पाच हजारावर कसं सांगता?" मला वाटलं आता छडी बसणार. तुम्ही मात्र खूश झालात. पुढच्या आठवड्यात आदिलाबादहून येताना एक लांब रजिस्टर घेऊन आलात, कचेरीत असतं तसं, कापडी पाठीचं, आणि माझ्या हातात दिलंत. "तू कर. उन्हाळ्यापर्यंत वेळ आहे." आमच्या घरात कोणी कोणाला लिहायची वस्तू बक्षीस दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. माझ्या बापानं ते रजिस्टर देवाच्या फळीवर ठेवलं. मला रोज फळीवरून काढून घ्यावं लागायचं आणि परत ठेवावं लागायचं.

किती भागाकार केले मी! तुमच्या पाच हजारांवर विश्वास न ठेवता पहिल्यापासून. मळ्यात राखणीला बसले की, मोटर चालू करून पाणी वाफ्यात पोहोचेपर्यंत, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. तीन, सात, अकरा, तेरा, सतरा. एकेका मूळ संख्येनं अकरा एकांना भागायचं, बाकी लिहायची, पुढे जायचं. दिवाळीपर्यंत मी तेराशेच्या पुढे गेले होते. आईतवारी तुमच्याकडे यायची. काकू चहा द्यायच्या, तुम्ही माझे भागाकार तपासायचात, चूक निघाली की काहीच बोलायचं नाही, फक्त लाल शाईनं एक टिंब द्यायचं. ते दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मीच कधी सांगितलं नाही. आता सांगतानाही दात खाऊन सांगते आहे.

कापूस वेचणी चालू होती तेव्हा मला ते दिसलं. मी जुने तुकडे परत लिहून बघत होते. पाच एकांचे तुकडे एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. दोघांना पाचानं भागा, बाकी एक. सात एकांचे तुकडे दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. दोघांना सातानं भागा, बाकी एक. मी चारचारदा करून पाहिलं. मग माझ्या डोक्यात आलं, अकरा एकांना जी कोणती संख्या तोडेल, तिला अकरानं भागल्यावर बाकी एकच उरेल. म्हणजे सगळ्या मूळ संख्या कशाला भागत बसायच्या? तेवीस घ्या, सदुसष्ट घ्या, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव. दहांतल्या नऊ सोडून द्या. दहा हजार भागाकारांचे हजार राहतात. मी कापसाचं गाठोडं तिथंच टाकून घरी पळाले. आई मागून ओरडली, "काऊन पळून राह्यली वं? साप दिसला काय?"

त्या आठवड्यात मी चार हजार सत्तावीसपर्यंत गेले. यादी एका वेगळ्या कागदावर काढली, वर नियम लिहिला, आणि आईतवारची वाट न पाहता सोमवारी वर्गातच तुम्हाला नेऊन दिली. माझी चूक एवढीच झाली असेल. वर्गात द्यायला नको होती. तुम्ही कागद वाचलात. बराच वेळ वाचलात. मग मला फळ्यापाशी बोलावलंत.

"हा नियम कुठून आणला?"

"मीच काढला सर. पाच एकांत बी तसंच हाये, सात एकांत बी."

"दोन ठिकाणी बरोबर आलं म्हणजे नियम झाला? पुरावा काय?"

मला पुरावा म्हणजे काय हेच तेव्हा धड माहीत नव्हतं. मी म्हटलं, "करून पाह्यलं ना सर." पोरं हसली. तुम्ही खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तीन एकांचे तुकडे लिही." मी लिहिले, तीन आणि सदतीस. "आता तिनाला तिनानं भाग. बाकी किती?" शून्य. तुम्ही पोरांकडे वळलात. "बघा. पहिल्याच घासाला खडा." वर्ग खदखदून हसला. मी तिथे उभी होते, हात खडूनं पांढरे, आणि मला एकाच गोष्टीचं उत्तर सुचत नव्हतं, की तीन का बिघडला. तुम्ही माझा कागद मधोमध फाडलात, आणखी एकदा फाडलात आणि टेबलावर ठेवलात. म्हणालात, "भागाकाराचा कंटाळा आला की माणूस पळवाट शोधतो. मी तुला मेहनत करायला सांगितली होती."

सर, त्या दिवशीही मला इतका राग आला नव्हता. मला लाज वाटली. तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, दोन उदाहरणं म्हणजे पुरावा नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही पुरावा मागितला असता. पण मी कागद फाडला नसता. मी म्हटलं असतं, तीन का बिघडला ते शोधून आण. एवढं एक वाक्य, सर. तुमच्याजवळ ते होतं.

नंतर मी आईतवारी आले नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. परीक्षा झाली, गणितात मला शाळेत सगळ्यात जास्त मार्क पडले, आणि मे महिन्यात तुम्ही आमच्या घरी आलात. मी स्वयंपाकघरात होते. चुलीवर दूध होतं आणि मला ते उतू जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी बाहेर आले नाही. पण कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. बाबा बाजेवर बसले नव्हते, तुमच्यासमोर ते कधी बसायचेच नाहीत. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणते आदिलाबादच्या कॉलेजात ते गणित-फिजिक्सचं एमपीसी घेतो. तिथं समदं इंग्लिसात नाहीतर तेलुगूत. आमाले काय समजते? तुमी म्हणान तसं करतो."

तुम्ही चहाचा घोट घेतलात. कपबशीचा आवाज आला. आणि तुम्ही म्हणालात, "एमपीसी तिला झेपायचं नाही. पोरगी हुशार आहे, पण घाईची आहे. पळवाटा शोधते. गणितात असं चालत नाही. गणित नसलेलं सीईसी घेऊ द्या, इथंच मंडलाच्या कॉलेजात होईल, घरून जाणं-येणं करता येईल."

बाबा म्हणाले, "बरं झालं तुमी सांगतलं."

दूध उतू गेलं. आईनं मला त्याबद्दल बोलून घेतलं. माझ्या जन्माचा फैसला असा झाला, एका कप चहात. मी सीईसी घेतलं. पुढे बाहेरून बी.ए. केलं, परीक्षा दिली, कंडक्टर झाले. माझं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही, तेवढाही हक्क मी तुम्हाला देत नाही. मी माझ्या पायावर उभी आहे, दिवसाचे आठ तास अक्षरशः उभी आहे. दोन पोरी शिकवल्या. पण गाडी चालू असते, पुढे एखादा ट्रक येतो, त्याच्या पाटीवर आठ हजार एकावन्न असतं आणि माझ्या डोक्यात आपोआप येतं, नव्वदाचा वर्ग वजा साताचा वर्ग, म्हणजे त्र्याऐंशी गुणिले सत्त्याण्णव. ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणतो, "अक्का, तुम्हारा दिमाग कहाँ कहाँ चलता है." कुठेच चालत नाही, सर. त्याला चालायला जागाच ठेवली नाही तुम्ही. पाट्या तोडत बसतं.

आणि आता ही वही. बेल्लमपल्लीला गाडी लागली, परतीला तासभर वेळ होता. मी स्टँडच्या बाकड्यावर बसून ती उघडली. पहिल्या पानावर तारीख होती. माझा कागद फाडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आणि खाली, तुमच्या अक्षरात, माझा नियम.

दुसऱ्याच दिवशी, सर. एक दिवसही धीर धरवला नाही तुम्हाला.

पुढच्या चार पानांवर तुम्ही तीन का बिघडला ते शोधलं होतं. आधी चुकलात, खोडलंत, परत लिहिलंत. मग सापडलं. दहा, शंभर, हजार, अशा संख्यांना एखाद्या मूळ संख्येनं भागत गेलं की बाक्या फिरून फिरून त्याच येतात. ती मूळ संख्या अकरा एकांना तोडणारी असेल तर हा फेरा बरोबर अकरा पावलांचा असतो, आणि असा फेरा त्या मूळ संख्येपेक्षा एकानं कमी असलेल्या आकड्यात पुरापुरा बसावाच लागतो. म्हणून बाकी एक. तीन वेगळा, कारण दहाला तिनानं भागलं की पहिल्याच पावलाला बाकी एक येते, फेरा तिथंच संपतो. तुम्ही खाली लिहिलंय, "एकांची संख्या मूळ असेल तर फक्त ३ चा अपवाद. बाकी नियम सर्वत्र खरा." त्याखाली दोन रेघा. मी ते वाचलं आणि मला तुमची हुशारी दिसली. खोटं कशाला बोलू? इतकं स्वच्छ लिहिलं आहे की माझ्यासारखीला एका वाचनात कळलं. म्हणजे मला समजावून सांगायला तुम्हाला पंधरा मिनिटंही लागली नसती.

मग यादी. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद. माझीच यादी, मी तयार केलेल्या क्रमानं. पानामागून पान भागाकार. चार हजार सत्तावीस मागे पडलं, दहा हजार मागे पडलं. आणि संक्रांतीच्या दोन दिवस आधीच्या पानावर, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. भाग गेला. बाकी शून्य. अकरा एक म्हणजे एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. तुम्ही ज्या संख्येला कोणी तोडू शकत नाही म्हणाला होतात ती तुटली होती, माझ्या नियमानं. बाजूला लाल शाईनं बरोबरची खूण. तुम्ही स्वतःलाच बरोबर दिलंत. माझं नाव कुठे नाही. मी सगळी वही दोनदा बघितली, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही. कुठेच नाही.

मी पेन काढलं आणि डेपोच्या एका जुन्या फॉर्मच्या मागे गुणाकार केला. तुम्ही चुकला असाल अशी आशा होती. अकरा एक आले. आणि मग मला आणखी एक दिसलं. सात एकांचे तुकडे दोनशे एकोणचाळीसवर आणि सहाशे एकोणपन्नासवर संपतात. अकरा एकांचेही तसेच, दोनशे एकोणचाळीस आणि सहाशे एकोणपन्नास. दोन्हीकडे शेवटचे तीन आकडे तेच. तुमच्या वहीत याबद्दल काही लिहिलेलं नाही. तुमच्या नजरेला आलं नाही की आलं आणि लिहिलं नाही, कोण जाणे. मला बाकड्यावर बसल्या बसल्या हसू फुटलं, आणि लगेच मी स्वतःवर चिडले, कारण हे कोणाला तरी दाखवावं असं वाटलं आणि जो माणूस डोळ्यापुढे आला तो तुम्ही होतात.

परतीच्या गाडीत काकूंनी सकाळी सांगितलेलं एक बोलणं आठवलं, तेव्हा ते असंच ऐकून सोडून दिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "या वहीपायी त्या हिवाळ्यात सर घरात कोणाशी बोलत नव्हते. अन् एका सकाळी, संक्रांतीच्या अगोदर, एकदम उठले, मले म्हणाले, शिरा कर. मी म्हटलं, आज काय हाये? तर म्हणे, काही नाही, कर. दोन वाट्या खाल्ला." तुम्ही शिरा खाल्लात, सर. मग शाळेत आलात. मी दुसऱ्या बाकावर बसले होते. तुम्ही हजेरी घेतली, माझं नाव पुकारलंत, मी "हजर" म्हटलं. तुम्ही पुढचं नाव पुकारलंत. आणि चार महिन्यांनी माझ्या बापाला सांगितलंत की पोरगी पळवाटा शोधते.

काऊन, सर? मी इतक्या वर्षांत तुम्हाला इतकी कारणं देऊन बघितली आहेत. मास्तर कडक असतो. पोरीच्या भल्यासाठी बोलला असेल. बाहेरगावी तेलुगू-इंग्रजीत मुलगी बुडेल याची काळजी असेल. ही वही मिळेपर्यंत मी त्यातल्या कोणत्या तरी कारणावर झोपत होते. आता एकही उरलं नाही. तुम्हाला माहीत होतं. नुसता संशय नव्हता, पुरावा होता, तुमच्याच हातानं लिहिलेला. पंधरा वर्षांच्या पोरीला तुम्ही शिकवलेल्या गोष्टीच्या पुढचं दिसलं, ते तुम्हाला सहन झालं नाही, एवढंच. मग निदान चोरायचं तरी पुरतं. कुठे छापायचं, गावाला ओरडून सांगायचं. मी भांडले असते. तुम्ही तेही केलं नाहीत. ट्रंकेत घातलंत. ना तुमच्या कामाला आलं, ना माझ्या.

आणि एक माझ्याही बाजूचं लिहिलं पाहिजे, नाहीतर हे पत्र तुमच्या वहीसारखं होईल. तुम्ही माझा एक कागद फाडलात. रजिस्टर माझ्याकडेच होतं. नियम माझ्या डोक्यात होता. चार हजार सत्तावीसपासून पुढे दोनशेच्या आसपास भागाकार उरले होते, महिन्याभराचं काम. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मी केले नाहीत. बी.ए. करताना जिल्ह्याच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात मला हाच नियम सापडला होता, कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलेला. तेव्हा मला कळलं होतं की मी बरोबर होते. त्या दिवशीही मी घरी येऊन भाकरी थापल्या. तुम्ही तेव्हा जिवंत होतात. गाव तेरा किलोमीटरवर होतं. मी आले नाही. तुमच्या तोंडून "बरोबर" ऐकल्याशिवाय ते बरोबर होतच नाही असं मी धरून बसले, आणि तुमच्याकडे मागायला यायचं नाही असंही. हा हट्ट माझा. याचा राग माझा मलाच येतो, पण तुमच्यावरचा त्यानं कमी होत नाही. दोन्ही आहेत, शेजारी शेजारी.

गेल्या आठवड्यात काकू परत गाडीत भेटल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आदिलाबादला निघाल्या होत्या. मी दोन महिने ठरवत होते की त्या भेटल्या की सगळं सांगायचं. शब्दन् शब्द तयार होता. त्यांना जागा करून दिली, पाण्याची बाटली दिली. त्यांनी स्वतःच विचारलं, "वाचली काय गं वही? काय होतं तिच्यात?"

मी म्हटलं, "एक लई मोठी संख्या होती काकू. कोणाच्यानं तुटत नव्हती. ती सरांनी तोडली."

त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. त्यांनी पदर नीट केला, फोटोसाठी बसावं तशा बसल्या. म्हणाल्या, "एकट्यानं?"

मागून कोणीतरी टिकेटासाठी हाक मारत होतं. मला दोन पावलं पुढे जाता आलं असतं, उत्तर न देता. मी गेले नाही.

"हो," मी म्हटलं, "एकट्यानं."

हे मी तुमच्यासाठी केलं नाही. तुम्हाला माफ केलं असंही नाही, गैरसमज नको. तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेल्या बाईला मला ते नाही म्हणवलं नाही. पण मी खोटं बोलले, सर, आणि बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. घरी आल्यापासून हे एवढंच मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.